भेटायला आलेल्यांची चिमूट

तलासरीच्या ताईंनी मला सांभाळून घेतलं. बाकीचं सांगायच्या आधी हे लिहून टाकते, कारण मी सांगायला लागले की घाबरत घाबरत भलतीकडेच जाते आणि ज्यांचं आधी सांगायचं ते राहून जातं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या तलासरीला सरकारी कचेरीत कामाला आहेत आणि घरी एका छोट्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यातली कोरलं, म्हणजे प्रवाळं, वाढवतात. माझं त्यांचं नातं काही नाही. ज्या घरात मी कामाला आहे त्या काकांनी त्यांना कधीतरी कोरलाचा पहिला तुकडा दिला होता, एवढीच ओळख.

मी यवतमाळच्याही पुढची, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या गावची. आठवीत शाळा सुटली. त्याची काही मोठी गोष्ट नाही. शाळा दुसऱ्या गावात होती, एसटी बंद झाली. घरी कुणी "जा" म्हणालं नाही आणि मीही "जाते" म्हणाले नाही. पुढे नागपूरला आजारी माणसांना सांभाळायचं शिकले आणि जिथे शिकले तिथूनच मला डहाणूला पाठवलं. डहाणू कुठे ते मला ठाऊक नव्हतं. गाडीत शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मुंबईच्या पुढे, गुजरात लागायच्या आधी." मी पिशवी मांडीवर घेतली ती उतरेपर्यंत खाली ठेवली नाही.

घर स्टेशनपासून जवळ, बाजूला चिकूची चार झाडं. काका रेल्वेत सिग्नलच्या खात्यातून निवृत्त झालेले. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "हं" आणि "नको" एवढे दोनच शब्द शिल्लक होते. काकी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून घरी बसलेल्या. मुलगा, म्हणजे दादा, पालघरला नोकरीला, रोज जाऊन येऊन. काकांची खाट पुढच्या खोलीत लावली होती आणि खाटेसमोर भिंतीला लागून ती टाकी.

मी तसलं काही कधी पाहिलं नव्हतं. पलंगाएवढी लांब काच, वर निळसर दिवा, आत दगड, दगडांवर फुलांसारखं काहीतरी हलणारं, आणि त्यातून फिरणारे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. पहिल्या दिवशी काकी म्हणाल्या, "ही काकांची दगडफुलं. मसाल्यातली नव्हेत हं, नाहीतर काढून वरणात घालशील." मी हसलेही नाही, इतकी घाबरलेली. त्यांनी समजावलं की ही झाडं नसून जिवंत प्राणी आहेत, समुद्रातून काढलेलं यात एकही नाही, तो गुन्हा आहे, सगळे कुणाच्या ना कुणाच्या टाकीत वाढलेले तुकडे. मग मला खाण्याचा डबा दाखवला, सकाळी चिमूटभर दाणे टाकायला सांगितलं, आणि काच पुसायची पद्धत दाखवली. "बाकी मला काही कळत नाही," म्हणाल्या, "ते करायचे सगळं."

टाकीच्या मधोमध एक फांद्याफांद्यांचं कोरल होतं, काटक्यांच्या घरट्यासारखं. रंग तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. मी त्याच्यासमोरची काच रोज पुसायची आणि मनात म्हणायची, बाकीची बरी दिसतात, हे एवढं मोठं असून असं का. मला वाटायचं त्याचा रंगच तो.

काका टाकीकडे बघत नसत. मी त्यांना कुशीवर वळवायची तेव्हा टाकीकडे तोंड झालं की म्हणायचे, "नको." भिंतीकडे वळवलं की गप्प. मी समजले दिव्याचा त्रास होत असेल.

एका संध्याकाळी दादा जेवताना काकींना म्हणाला, "आई, चारोटीचा एक हॉटेलवाला टाकी मागतोय. हायवेवर नवीन हॉल बांधतोय, काउंटरजवळ लावायचीय त्याला. बाबा बघतही नाहीत. लाइटबिल, मोटरींचा आवाज, आणि आहे काय त्यात आता, सगळं काळंबेरं."

काकी भात कालवत राहिल्या. "त्यांना विचार," म्हणाल्या.

"विचारलं. नको म्हणाले."

"टाकी नको की द्यायला नको?"

दादा म्हणाला, "त्याचा हॉल होईपर्यंत बघू. तोपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर जाऊ दे." मग मोबाइल काढून त्याने काकींना एक फोटो दाखवला. मी ताट उचलायला वाकले होते, मलाही दिसला. हीच टाकी, तेच काटक्यांचं घरटं, आणि रंग राणी. आपण राणी रंगाचं लुगडं म्हणतो ना, अगदी तो. फांद्यांच्या टोकांवर तर जांभळी झाक. टाकीच्या बाजूला काका उभे होते, दोन्ही हात कमरेवर, जणू ते त्यांनीच विणलंय.

तेव्हा मला कळलं की काका टाकीकडे का बघत नाहीत. आणि दुसरंही वाटलं, की मी आल्यापासून हे माझ्या हातात आहे, म्हणजे हे माझ्या हातून झालं. रात्री आईला फोन केला तर आई म्हणाली, "मासे तर जिवंत आहेत ना? मग?" तिला कसं सांगणार. काकांना दुसरं काही बघायला नव्हतं. खिडकीतून चिकूची फांदी दिसे आणि समोर ती टाकी. टाकी गेली की उरणार ती टाकीमागची भिंत.

काकींनी त्या आठवड्यात तलासरीला फोन केला. रविवारी ताई आल्या. शेअर इको गाडीने चारोटी, तिथून गंजाडवरून येणारी एसटी. कुणी तपासायला येतंय एवढंच मला समजलं होतं, म्हणून मी सकाळपासून काच तीनदा पुसली. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या बाई, खांद्याला कापडी पिशवी. आल्या त्या आधी काकांपाशी बसल्या. त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काका, तुमच्या फांदीची नात माझ्याकडे मजेत आहे हं. मोठी झालीय." काकांनी भिंतीकडे बघतच "हं" केलं.

मग पिशवीतून दोन-तीन बाटल्या, एक काचेची नळी आणि रंगांच्या पट्ट्या छापलेलं कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यावर सगळं इंग्रजी. माझे कान तापले.

"ताई, मले इंग्रजी नाही येत."

"कुणी विचारलंय इंग्रजी? बांगड्या घेतेस ना मॅचिंग करून? साडीला लावून बघतेस ना?"

"हो."

"तेच करायचंय. नळीत टाकीचं पाणी, त्यात हे थेंब, आणि जो रंग येईल तो कार्डाला लावून बघायचा. दारात ये, ट्यूबलाइटखाली कळत नाही."

दारातल्या उजेडात मी नळी कार्डाशी धरली. पाणी गडद होत होत शेवटच्या पट्टीच्याही पुढे गेलं. मला वाटलं मीच काही चुकवलं. ताईंनी दुसऱ्यांदा करून घेतलं. तेच.

त्या म्हणाल्या, "असं बघ. या कोरलाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. भाडेकरू म्हण. ते उजेडावर अन्न करतं आणि कोरलाला त्यातलं देतं. भाडं. पाण्यात खाणं कुजून खत झालं की भाडेकरू भरमसाट वाढतात. नळी गडद झाली ती त्या खतानेच. त्यांचा रंग तपकिरी. मग घरमालकाचा रंग दिसणार कुठून? त्याचा रंग गेलेला नाही, झाकलाय. खाणं किती टाकतेस?"

"सकाळी एक चिमूट टाकतो."

आमच्याकडे बायका असंच बोलतात, करतो, जातो. काकी आतून म्हणाल्या, "ही आमची मुलगा आहे." ताई हसल्या नाहीत, त्या नळीकडेच बघत होत्या.

"एका चिमटीने पाणी असं होत नाही," त्या म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "खरंच एकच टाकतो जी. पण डबा लवकर संपून राहिला. मले वाटे काकी मलेच विचारतील."

"तुला कोण काय म्हणालं? पूस डोळे. माझी परतीची गाडी संध्याकाळी आहे. तोवर बसते मी इथेच."

आणि त्या बसल्या. काकांच्या खाटेशी खुर्ची घेऊन चिकू खात, जणू पाहुण्या. रविवार, म्हणून काकांना भेटायला लोक येत होते. काकांचं गावात नाव चांगलं, रोज कुणी ना कुणी यायचंच. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून लोक नारळपाणी, बिस्किटं, मोसंबी आणायचे. पण काकांना गिळायला त्रास, त्यामुळे त्यांच्या तोंडात कुणाला काही घालता यायचं नाही. माणूस अवघडून उभं राहायचं. मग काकी म्हणायच्या, "अहो, त्यांना नाही तर त्यांच्या माशांना द्या." आणि डबा पुढे करायच्या.

हे मी रोज बघत होते. घरात माणसाला पाणी देतात तसं ते. मी आत चहा ठेवायला जायची, बाहेर आले की माणूस खुशीत बसलेलं असायचं. मला त्याचं कधी काही वाटलंच नव्हतं.

आधी वरच्या मजल्यावरचे गुजराती काका आले. "केम छे हवे?" काकी म्हणाल्या, "सारू छे." त्यांनी चिमूट टाकली आणि मासे वर आले तसे म्हणाले, "बघा, भूक लागली होती बिचाऱ्यांना." मग काकांच्या खात्यातले दोघे. त्यांनी एकेक टाकली आणि एकाने आणखी एक, "मागच्या आठवड्याची राहिली होती" म्हणून. गंजाडहून भाजी घेऊन येणारी मावशी आली. तिने टोपली ओसरीवर ठेवली, हात धुतले, चिमूट कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि अलगद पाण्यात सोडली. ती गेल्यावर काकींनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतः एक टाकली.

ताई ओढणी तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं त्यांना गहिवरून आलं. त्या हसत होत्या. खांदे हलत होते.

तेवढ्यात दादा बाहेरून आला. चपला काढता काढता डब्याकडे हात गेला, दोन बोटं भरून दाणे टाकीत, आणि मग "आई, चहा."

"दादा, तू पण?" ताई म्हणाल्या.

"काय मी पण?"

"अरे, तुमच्या घरी सहा मेजवान्या झाल्या आज. तुझी सातवी."

दादाला उमगेना. ताईंनी सांगितलं. मग तो खाटेकडे पाठ करून म्हणाला, "बाबा घरी आले की टाकायचे ना. आता ते नाही टाकत म्हणून मी टाकतो." आणि काकी म्हणाल्या, "मीही म्हणूनच." तो टाकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्या टाकतात हे त्याला. एवढ्या लहान घरात.

दादाने डबा उचलून कपाटात ठेवला. "बंद. कुणी हात लावायचा नाही."

"असं कसं?" काकी म्हणाल्या. "गंजाडची ती बाई एवढ्या लांबून येते. ह्यांच्यासाठी देवाला मागणं मागून टाकते ती. तिचा हात धरू मी? तिला सांगू की तुझ्या चिमटीने पाणी नासतं?"

खाण्याने पाणी बिघडलं होतं खरं, पण ते बंद करायचं तर लोकांनी काकांकडे येऊन करायचं काय. मला मावशीचे मिटलेले डोळे दिसत होते. ताई टाकीभोवती फिरल्या, काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाणी किती उतरतं गं रोज?"

"उतरतं ना. या रेषेपासून दोन बोटं. मी शुद्ध पाणी भरतो रोज. साधं, मिठाचं नाही." ते मला येत होतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणीच घालायचं, हे काकींनी दाखवलं होतं.

"किती लागतं?"

"हा जग भरून. कधी कमी."

ताईंनी काकींकडे पाहिलं. काकी शिक्षिकाच त्या, लगेच उठल्या आणि देवघरातून एक छोटं चांदीचं फुलपात्र घेऊन आल्या. "हे चालेल?"

तेव्हापासून तसं सुरू झालं. सकाळी मी रेषा बघून जेवढं पाणी उडालं असेल तेवढंच शुद्ध पाणी जगात मोजून ठेवायची. जो येईल त्याने फुलपात्रभर पाणी टाकीत घालायचं. जग रिकामा झाला की झालं. वरच्या गुजराती काकांना आधी मजा वाटली नाही, मासे वर येत नाहीत म्हणाले. मावशीने मात्र काही विचारलं नाही. फुलपात्र दोन्ही हातांनी धरून धार सोडली, पुटपुटायचं ते पुटपुटली आणि म्हणाली, "हे बरं. पाणी कुणाला नको असतं." खाणं दिवसातून एकदाच, दुपारी, मी टाकायची. ताईंनी बजावलं होतं की पूर्ण बंद करायचं नाही, उपाशी ठेवूनही रंग येत नाही, फिकट पडतं. आणि थोडं थोडं पाणी बदलायचं, घाई करायची नाही. पाण्याचा फेस काढणारं यंत्र कसं उघडून धुवायचं तेही त्यांनी दाखवलं. आतून जे निघालं त्याच्या वासाने काकी मागच्या दारी पळाल्या.

हळूहळू नळीतल्या पाण्याचा गडदपणा कमी झाला. मी दारात उभी राहून कार्डाला लावायची आणि ताईंना फोटो पाठवायची. "छान. चालू दे," एवढंच लिहून यायचं, पण मला दिवसभर पुरायचं. फांद्या मात्र तशाच, चहाच्या चोथ्याच्या. काका तसेच भिंतीकडे. आणि चारोटीच्या हॉलला फरशी बसली अशी खबर दादाने आणली.

ताईंच्या सांगण्यावरून मी एक दिवस दिव्याखालची काच उतरवून पुसली. तिच्यावर मिठाचा पांढरा थर चढला होता. स्वच्छ झाल्यावर टाकीत लखलखाट झाला, मला फार बरं वाटलं. दोन दिवसांनी सकाळी पाहते तर फांद्यांची टोकं पांढरी. राणी नाही, जांभळी नाही. हाडासारखी पांढरी. आणि वरच्या बाजूच्या फांद्या तपकिरीवरून फिक्या पडत चाललेल्या.

काकी देवळात गेल्या होत्या, दादा कामावर. मी काकांचं तोंड पुसलं, त्यांना पाजलं, कूस बदलली, आणि मग खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. मी काही पळणार नव्हते, काकांना सोडून जाणार कशी. पण हाकलतील तेव्हा तयार असावं असं वाटलं. पिशवी भरली आणि ताईंना फोन लावला. कचेरीची वेळ होती. मी म्हटलं, "ताई, मी मारलं ते. काच पुसली अन् मेलं."

"टोकांवर बारीक केस दिसतात का? कोरलाचे? बाहेर आलेत?"

मी जाऊन पाहिलं. दिसत होते, बारीक, हलणारे.

"मग मेलं कुठे? थांब, येते."

त्या अर्धी रजा टाकून आल्या. इको, एसटी, उन्हाचं. आल्या त्या घामाने भिजलेल्या, पाणीही न पिता टाकीपाशी गेल्या, दिव्याखाली हात धरला आणि म्हणाल्या, "एवढा उजेड? काच पुसून एवढा होत नाही." दिव्याचं बटण माझ्या हाताने मी कधी दाबलं नव्हतं. तो दादाच्या मोबाइलवरून चालतो. ताईंनी तिथूनच दादाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दिवा तू वाढवलास?"

"हो, परवा. वाचलं मी, रंगाला उजेड लागतो म्हणे. फुल केला."

"शहाण्या, अंधाऱ्या खोलीतल्या माणसाला एकदम मे महिन्याच्या माळावर उभं केलंस. त्याने भाडेकरूच हाकलून दिले. पांढरं पडायला लागलंय. कमी कर आधी, होता तिथे आण. आणि मग मी सांगेन तेव्हा जरा जरा वाढव."

मग दादा म्हणाला, "मला वाटलं लवकर येईल. हॉटेलवाला पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहे."

तेव्हा मला समजलं की त्यालाही टाकी द्यायची नव्हती.

ताई फोन ठेवून माझ्या खोलीत आल्या, माझी भरलेली पिशवी पाहिली. खाली बसून एकेक कपडा काढून घडी करून खुंटीशेजारच्या फळीवर ठेवायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या ताई, मी करतो." त्या म्हणाल्या, "मीही पहिल्यांदा तुकडा आणला तेव्हा तो पांढरा केला होता. काकांना फोन करून रडले होते. काका काय म्हणाले असतील?"

"काय?"

"म्हणाले, सिग्नल लाल झाला म्हणजे गाडी मेली का? थांबलीय. उभी रहा तूही."

बाहेरून काकांनी "हं" केलं. दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. दिवा मंद. दुपारी खाणं, त्यात ताईंनी दिलेलं पिठासारखं बारीक खाद्य, अशक्त कोरलासाठी. ते पाण्यात कालवून छोट्या पिचकारीने फांद्यांवर सोडायचं. एकदा काकांना बसतं केलं होतं, तेव्हा मी पिचकारी भरून त्यांच्या डाव्या हातात दिली आणि माझ्या हाताने त्यांचा हात धरून टाकीवर नेला. अर्धं चादरीवर सांडलं. काकी म्हणाल्या, "सांडू दे." दुसऱ्या दिवशी थोडं कमी सांडलं. तिसऱ्या दिवशी परत सगळं चादरीवर. त्यांच्या हातात काही फार फरक पडला असं नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण पिचकारी दाबायची म्हणजे टाकीकडे बघावं लागायचं.

रंग आधी काकांनीच पाहिला. मी चादर बदलत होते. त्यांनी "हं, हं" असं दोनदा केलं आणि डाव्या हाताचं बोट उचललं. मी वाकून पाहिलं. मधल्या फांदीच्या बुडाशी, जिथे उजेड कमी पोचतो तिथे, तपकिरीच्या आतून काहीतरी गुलाबी डोकावत होतं. नखाएवढं. मी काकींना हाक मारली. काकी चष्मा घेऊन आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठे गं? मला नाही दिसत." काकांनी पुन्हा बोट उचललं. काकींना तरीही दिसलं की नाही कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "हो हो, दिसलं," आणि काकांच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

हॉटेलवाला आला तेव्हा टाकी काही फोटोसारखी झाली नव्हती. टोकं अजून पांढुरकी, वरच्या फांद्या भुऱ्या, खाली थोडा राणी रंग. तो टेप घेऊनच आला होता. भला माणूस. टाकीची लांबी मोजली आणि म्हणाला, "रंग जरा कमी आहे, पण वर लाल-हिरवा दिवा लावला की उठून दिसेल."

दादा काकांकडे बघत होता. काका टाकीकडे तोंड करून पडले होते, आणि त्यांनी "नको" म्हटलं.

"बाबा, काय नको?" दादा खाली बसला, त्यांच्या तोंडाजवळ. "टाकी नको?"

"नको."

"द्यायची नको?"

"हं."

दादा उठला. हॉटेलवाल्याला म्हणाला, "माफ करा, तुम्हाला उगाच खेप पडली. चहा घेऊन जा." तो थोडा नाराज झाला, पण चहा प्यायला, आणि जाताना काकींनी त्याच्या हातात फुलपात्र दिलं. त्याने ते काय म्हणून विचारलं. काकींनी सांगितलं. त्याने हायवेवरचे बूट दाराशी काढले आणि धार सोडली.

ताई त्यानंतरच्या रविवारी आल्या. मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले. काय बोलायचं ते दोन दिवस मनात घोकलं होतं, आणि तिथे गेल्यावर एकही शब्द आठवेना. मी नुसती त्यांची पिशवी धरून उभी. त्या म्हणाल्या, "बोलू नकोस काही, मला लाज वाटते."

मग एसटी येईपर्यंत त्याच बोलत होत्या. त्यांच्या आईला हल्ली काही लक्षात राहत नाही, गॅस चालू ठेवून बाहेर जाते. दिवसा शेजारीण बघते, पण रात्रीचं कुणी नाही, त्यामुळे ताई कित्येक वर्षांत एक रात्र कुठे राहिलेल्या नाहीत. आणि टाकी, तीही रोज बघावी लागते. म्हणाल्या, "एवढी वर्षं कोरलं वाढवली, पण समुद्रातलं कधी पाहिलं नाही. अंदमानला पाण्यात उतरून बघता येतं म्हणे. काका जाऊन आलेत. मला सांगायचे." आणि हसून, "असो. बस आली."

मी तेव्हा काही म्हणाले नाही. असं मोठं बोलायची मला भीती वाटते, बोललं आणि झालं नाही तर. पण इथे लिहिते. ताई, मला आजारी माणसं सांभाळता येतात, ते माझं शिक्षण आहे. खाऱ्या पाण्याचं तुम्ही शिकवलंत. काकांची सोय लागली की काकींना विचारून मी तलासरीला येईन. तुमच्या आईपाशी झोपेन, गॅस बघेन, नळीतलं पाणी रोज दारात नेऊन कार्डाला लावेन. तुम्ही अंदमानला जा, हवे तेवढे दिवस राहा. तुम्ही दारात परत उभ्या राहाल तोपर्यंत मी ते घर सोडणार नाही.